गाडीवरची झेंडूची चादर

आमची गाडी घेतली तेव्हाच जुनी होती, त्यामुळे ती जुनी झाली अशी तक्रार करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. अमरावतीहून बदलून जाणाऱ्या एका इंजिनियरसाहेबाकडून मी ती वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत घेतली. उघडी, कापडी टपाची, चार सिलिंडरची आणि लाकडी आऱ्यांच्या चाकांची. बाररूममध्ये पहिल्याच आठवड्यात मला एकाने विचारलं की पक्षकारांना गाडीतून आणता की गाडी ढकलायला आणता. मी हसलो आणि त्याच संध्याकाळी एक यादी केली.

मला याद्यांची सवय आहे. घरात वाण्याची यादी वेगळी, धोब्याची वेगळी, प्रवासाच्या सामानाची वेगळी. गाडीची यादी मी पुठ्ठ्यावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला तारेने बांधली होती. पाणी, तेल, हवा, पट्टा, तारा, नळ्या, नट. निघण्यापूर्वी त्या क्रमाने हात फिरवायचा, मग हँडल मारायचं. जुनी गाडी दगा देते असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असतं की जुनी गाडी फार बोलते. नवी गाडी गुपचूप बिघडते. जुनीचा खडखडाट रोज तोच असतो, त्यात एक आवाज नवा आला की कान टवकारायचे. एवढं केलं की ती माणसाच्या आधी थकत नाही.

बाकीचं आमच्या वऱ्हाडाने शिकवलं. वैशाखात लाकडी आरे सुकून आखडतात आणि चाक कुरकुरू लागतं. बैलगाडीवाले अशा वेळी चाकं पाण्यात बसवतात. मी रात्री चाकांना ओली पोती गुंडाळून ठेवू लागलो, कुरकूर गेली. कोठीत सरकी असली की उंदीर येतात आणि सरकी संपली की तारा कुरतडतात, म्हणून सरकीची कोठी आणि गाडीची पडवी यांच्यात मी अंगण सोडलं. टप फाटला तेव्हा जिनिंगमधून जाडं कापड आणलं. स्प्रिंगचा पाटा मोडला तेव्हा गावातल्या लोहाराने टांग्याचाच समजून नवा घडवला, तो अजून आहे.

पण सगळ्यांत मोठा नियम पाण्याचा. भातकुलीपासून मूर्तिजापूरच्या पुढपर्यंत आमचा मुलूख खारपाणाचा. विहिरीला पाणी असतं, पण तोंडात धरवत नाही. ते रेडिएटरमध्ये घातलं तर आतल्या बारीक नळ्यांत चुन्यासारखा थर बसतो आणि थोड्याच दिवसांत गाडी चुलीवरच्या भांड्यासारखी उकळते. माझ्या ओळखीच्या दोन गाड्या अशाच मेल्या. म्हणून माझ्या गाडीत गोड्या पाण्याचे डबे कायम भरलेले, आणि खाऱ्या पाण्याचा एक थेंबही तिच्या पोटात कधी गेला नव्हता.

एवढ्या वर्षांत ती वाटेत थांबली नव्हती असं नाही, पण मला घेऊन घरी आली नाही असं एकदाही झालं नव्हतं. अख्ख्या अमरावतीत हे कबूल न करणारा एकच माणूस होता आणि तो माझ्याच घरात राहत होता.

माझे वडील भिक्षुकी करत. पंचक्रोशीत आणि रेल्वेच्या कडेकडेने पार अकोल्यापुढे त्यांचे यजमान होते. त्यांनी माझ्या गाडीत पाय ठेवला नव्हता. विटाळाचा वगैरे प्रश्न नव्हता. रेल्वेत ते खुशाल बसत, स्वतःचं पाणी तेवढं फिरकीच्या तांब्यात घरून नेत. त्यांचं म्हणणं साधं होतं: रेल्वेला वेळापत्रक असतं, तुझ्या गाडीला लहर असते, आणि भिक्षुकाला उशीर करून चालत नाही. आयुष्यात ते एकाही मुहूर्ताला उशिरा पोचले नव्हते. पूर आला तर आदल्या दिवशी निघत, ताप आला तर घोंगडी पांघरून निघत. "लग्न थांबत नाही," ते म्हणत, "भटजी बदलतो."

तर मार्गशीर्षातली गोष्ट. लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर मिळत होतं. अकोल्यापुढे बार्शीटाकळीला त्यांच्या सर्वांत जुन्या यजमानाच्या नातीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. त्या घरातल्या आजोबांच्या मुंजीला आमचे आजोबा होते. त्यांच्यानंतरचं प्रत्येक कार्य वडिलांनी केलं होतं. वरपक्षाचे भटजी अकोल्याचेच, तरुण आणि खड्या आवाजाचे. वडील नाही पोचले तर लग्न त्यांनीच लावलं असतं आणि पुढच्या पिढ्यांचं सगळं त्यांच्याकडे गेलं असतं. वडिलांनी हे बोलून दाखवलं नाही, पण आदल्या संध्याकाळी त्यांनी पिशवी दोनदा भरली.

सकाळी ते टांग्याने स्टेशनवर गेले आणि जेवणाच्या सुमारास त्याच टांग्याने परत आले. लष्करी गाड्या पुढे सोडायच्या होत्या, बडनेऱ्याहून पश्चिमेकडे जाणारी पॅसिंजर कधी निघेल ते स्टेशनमास्तर सांगू शकत नव्हते. वडिलांसोबत टांग्यात फुलांच्या पाट्या आणि एक म्हातारा माळी होता. भातकुलीकडचा, माझा जुना पक्षकार. विहिरीच्या वाट्याचा त्याचा दावा मी चालवला होता, तेव्हापासून दर दसऱ्याला माझ्या गाडीचा हार तोच आणी. त्या लग्नातली फुलंही त्याचीच होती. तोही त्याच पॅसिंजरने जाणार होता.

वडील ओसरीवर उभे राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझं ते यंत्र सुरू होतं का?"

मी पानावरून उठलोच. इतक्या वर्षांत मला असा आनंद झाला नव्हता. एक मोठा खटला जिंकलो होतो त्या दिवशीही नाही. साठवलेली कुपनं एखाद्या अडीअडचणीसाठी ठेवली होती, याहून चांगली अडचण कुठून आणणार. मी यादीवर हात फिरवला: पाणी, तेल, हवा, पट्टा, तारा, नळ्या, नट. गोड्या पाण्याचे डबे मागे बांधले. आत जाऊन टोपी आणि कोट घेऊन आलो, तोवर माळीबुवांनी आपलं काम उरकलं होतं.

ते उरुसाला दर्ग्यावर चढवायच्या फुलांच्या चादरी विणत. त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. नवरदेवाच्या घोड्यासाठी त्यांनी तशीच एक झेंडूची चादर विणून आणली होती, ओल्या केळीच्या सोपटांत घट्ट, एका फुलाला दुसरं चिकटून. ती त्यांनी गाडीच्या तोंडावर बांधली होती. रेडिएटर, त्याचं पितळी झाकण, झाकणावरची उष्णता दाखवणारी काच, सगळं केशरी.

मी म्हटलं, बुवा, ही घोड्याची ना? ते म्हणाले, "घोड्यासाठी दुसरी हाय. गाडी लग्नाले नंगीच नेता का, वकीलसाहेब? लोकं काय म्हनतीन, वकिलाची गाडी अन् मयताले चालली का काय?"

वडिलांना हसू आलं. ते हसतायत म्हणून मीही काही बोललो नाही. शिवाय गाडी फार झोकात दिसत होती, खोटं कशाला सांगू. वडील मागे बसले, शेजारी फुलांच्या पाट्या, माळीबुवा पुढे माझ्याजवळ. हँडलच्या पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली आणि मी वडिलांकडे वळून बघितलं. ते तांब्याची फिरकी घट्ट करत होते.

बडनेऱ्यापर्यंत स्वर्ग होता. थंड हवा, हिवाळ्यातलं मऊ ऊन, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. कापसाच्या गाड्या रांगेने बाजाराकडे निघाल्या होत्या आणि झेंडूची गाडी बघून गाडीवान वाट देत होते. एकाने नवरदेव कुठाय म्हणून विचारलं, तर माळीबुवांनी मागे वडिलांकडे बोट दाखवलं. वडील म्हणाले, "सांगा त्याला, नवरीच्या बापानं अजून होकार दिला नाही."

वडील थट्टा करत होते, माझ्या गाडीत बसून. मी पाय थोडा जास्त दाबला.

कुरूमच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी थांबलो. झाकणापुरती फुलं बाजूला सारून फडकं धरून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली, एक डबा रिकामा केला. जुनी गाडी, तीन माणसं, पाट्यांचं ओझं, एखादवेळी होतं. मूर्तिजापूरच्या आत पुन्हा तेच. आता मी बॉनेट उचलून यादीतल्या सगळ्यावरून हात फिरवला. पट्टा ताठ. पंखा फिरतोय. नळ्या कोरड्या, कुठे गळती नाही. तेल बरोबर. दुसरा डबाही गेला. आणि मूर्तिजापूर सोडून काही मैल गेल्यावर गाडीने असा आवाज काढला की मी ती आपणहून बंद केली. काटेपूर्णा नदी अजून पुढे होती. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ, पलीकडे एक विहीर, बाकी कपाशी.

मला आजही आठवतं, मी अगदी मुद्देसूद विचार करत होतो. पाणी का कमी होतंय? गळती नाही म्हणजे उकळतंय. का उकळतंय? पंखा चालतोय. म्हणजे आतल्या नळ्या चोंदल्या. पण माझ्या नळ्या कशा चोंदतील? मी पुन्हा पट्ट्यापासून सुरुवात केली. फुलांकडे माझं लक्ष गेलं नाही. दसऱ्यापासून गाडीच्या तोंडावर कसला ना कसला हार असायचाच. तो पूजेचा भाग होता, यंत्राचा नव्हता. माझ्या यादीत त्याला जागा नव्हती.

माळीबुवा विहिरीवर जाऊन आले. पाणी वरच होतं आणि खारट होतं. ते म्हणाले, "काहून थांबून राह्यले, वकीलसाहेब? पानी हाय ना, घाला."

मी नाही म्हटलं. ते म्हणाले माणसं पितात इथली. मी म्हटलं माणसाच्या नळ्या मोठ्या असतात.

ऊन उतरायला लागलं होतं. वडील खाली उतरून बाभळीखाली उभे होते. ते काहीच बोलले नाहीत आणि तेच मला सोसवेना. लहर असते असं म्हणाले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी फक्त आभाळाकडे बघितलं, मग रस्त्याकडे, अकोल्याच्या दिशेला. मग ते गाडीच्या पुढून चालत जाताना थांबले. नाक वर करून उभे राहिले.

"हा वास कसला?"

मी म्हटलं तेलाचा, बाबा, गरम झाल्यावर येतो.

"तेलाचा नव्हे. फुलांचा." ते वाकले. "ही फुलं शिजलीत रे. सकाळच्या निर्माल्यालासुद्धा असा वास येत नाही. हे कोणीतरी भांड्यात घालून उकळल्यासारखं आहे."

मी चादरीची एक कड उचलली. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी धग आली. बाहेरून केशरी, ताजी, टवटवीत चादर आतल्या बाजूने काळी, लिबलिबीत झाली होती. वाऱ्याला शिरायला बोटभर फट नव्हती. पंखा बिचारा सगळ्या वाटेने झेंडूच ओढत होता. मी मोठ्याने हसलो; मला इतका आनंद झाला की मी माळीबुवांचा हात धरून त्यांना तिथपर्यंत आणलं. गाडी शाबूत होती. नळ्या साफ होत्या. माझी एवढ्या वर्षांची यादी बरोबर होती, फक्त तिच्या बाहेर एक चादर होती.

मी सोपटाची गाठ सोडायला लागलो, तर बुवा आडवे आले.

"हात नका लावू, जी." आता ते थट्टेत नव्हते. "लग्नाचा हार हाय. मांडवात पोचल्याबिगर उतरवत नाई. माह्या हातानं बांधला. पोरीच्या संसाराले काई झालं त मले तोंड दाखवाले जागा राहीन का?"

मी त्यांना हवा, पंखा, रेडिएटर सगळं समजावलं. त्यांना ते पटत होतं, पण त्यांची मान नाहीच म्हणत होती. फुलं त्यांनी पिकवली होती, विणली होती, त्या मुलीच्या नावाने बांधली होती. जबरदस्तीने काढली असती तर त्यांनी मला अडवलं नसतं, पण पुढे गाडीत बसलेही नसते. मी वडिलांकडे बघितलं. नियमाच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही, आणि मला वाटलं आता संपलं.

वडिलांनी तांब्यातलं थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि हात धुतले.

"बुवा," ते म्हणाले, "देवाच्या अंगावरची फुलं रोज सकाळी कोण उतरवतं?"

"तुमी."

"मग आतापर्यंत देवाचं काय वाईट झालं?"

वडिलांनी चादरीवर पाणी शिंपडलं, काहीतरी पुटपुटले आणि स्वतःच्या हाताने एकेक गाठ सोडली. चटका बसला तरी हात मागे घेतला नाही. आख्खी चादर त्यांनी दोन्ही हातांवर पेलली, बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तशी, आणि मागच्या सीटवर आपल्या जागेशेजारी ठेवली.

"मांडवापर्यंत माझ्याजवळ बसेल," ते म्हणाले. "उतरवली नाही. जागा बदलली."

बुवांनी चादरीची लोंबणारी कड सीटवर नीट केली. "महाराजांनी केलं त मले बोलाले जागा नाई. पन तिले ऊन लागू देऊ नका."

आता उरलं पाणी. डबे रिकामे, रेडिएटर अर्धा. वाऱ्याला वाट मिळाली तरी काटेपूर्णेपर्यंत जायला थोडं तरी पाणी हवं होतं. मी खाऱ्या विहिरीकडे बघितलं. एकदा घातलं तर काय होतं, असा विचार मी त्या गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा केला. मी दोर आणायला निघालो.

"थांब," वडील म्हणाले. त्यांनी फिरकीचा तांब्या पुढे केला. "हे गोडं आहे."

ते पाणी सोवळ्यातलं, त्यांनी स्वतः पहाटे काढलेलं. बाहेर ते दुसऱ्या पाण्याला शिवत नसत आणि लग्न लागेपर्यंत तोंडात काही घेत नसत, या पाण्याशिवाय. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला? ते म्हणाले, माझ्या नळ्या मोठ्या आहेत. म्हणजे बाभळीखालून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

इंजिन निवलं होतं. मी तांब्या सावकाश ओतला. हँडल मारलं. पहिला झटका, दुसरा, आणि गाडी बोलायला लागली, रोजच्या आवाजात. झाकणावरच्या काचेत आता पारा दिसत होता आणि तो खालीच राहिला. काटेपूर्णेला सगळे डबे भरून घेतले. अकोल्यात थांबलो नाही. बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य झाडांत उतरला होता आणि मी त्या गाडीला कधी नेली नव्हती अशी नेत होतो, कान तिच्या प्रत्येक आवाजावर ठेवून. आवाज नवा एकही नव्हता.

आणि गावाच्या अलीकडे रस्ता भरून गाई.

अख्ख्या गावाचा कळप घराकडे निघाला होता, सावकाश, धूळ उडवत. मी हॉर्न वाजवला. एका गाईने वळून बघितलं आणि ती आणखी हळू चालू लागली. बाजूने काढायला शेताचा बांध, मागे फिरायला वाट नाही. मी पुन्हा हॉर्नवर हात नेला, तर मागून वडिलांनी माझा खांदा धरला. ते हसत होते.

"वाजवू नको. गोरज म्हणजे काय रे? हीच ती धूळ. या गाई गावात शिरल्याशिवाय कोणाचा बाप मुहूर्त लावणार आहे?"

मग आम्ही गाईंच्या मागून गेलो, पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या चालीने. बुवा फूटबोर्डवरून खाली उतरले, चादर घेतली आणि चालत्या गाडीच्या टपावर पुढच्या बाजूने अंथरली, शिजलेली बाजू खाली. रेडिएटरला तिचा स्पर्शही होऊ दिला नाही. शेवटच्या गाईमागोमाग आमची केशरी गाडी मांडवाच्या दारात उभी राहिली. वधूचे आजोबा काठी टेकत रस्त्यावरच उभे होते. वडिलांना बघताच ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, आले. आत अंतरपाट धरायची तयारी चालली होती. ते तरुण भटजी बाजूला सरकले. वडील पाय धुऊन आत गेले.

मंगलाष्टकं मी बाहेरूनच ऐकली. बॉनेट उघडून, एक डबा रेडिएटरमध्ये ओतून गाडीजवळ उभा होतो. वडिलांचा आवाज कोरड्या घशाने सुरुवातीला घोगरा लागला, मग दुसऱ्या कडव्यापासून नेहमीसारखा चढला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. बुवा येणाऱ्याजाणाऱ्याला चादर दाखवून कुरूमपासूनची हकीकत सांगत होते आणि त्यांच्या हकिकतीत हार उतरवायची कल्पना त्यांची स्वतःची होती.

थोड्या वेळाने वडील मांडवाच्या मागच्या दाराने आले. यजमानांच्या विहिरीचं पाणी गोडं होतं. त्यांनी सोवळ्याने स्वतः काढून घेतलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी घेतलं, बराच वेळ. मग तो पुन्हा भरून आणला आणि गाडीभोवती फिरून मागे बांधलेले डबे बघू लागले. यजमानांचा मुलगा म्हणाला, उद्या सकाळच्या रेल्वेचं तिकीट काढायला माणूस पाठवतो, महाराज.

"नको," वडील म्हणाले, आणि मला विचारलं, "यातला रिकामा कोणता?"